इम्प्लांटचा आकडा ७१ वरून ६० वर आला, शुगरमुळे फेल होतंय का?

आकडेमोड :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ५६, टाइप २ डायबेटिसला ११ वर्षं झाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, सिगरेट तंबाखू काही नाही. खालची डावीकडची मोठी दाढ, जिचं रूट कॅनल फार पूर्वी झालं होतं, ती उभी चिरली, काढावी लागली आणि तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कॅपचा दात, करायचं ठरलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एचबीए१सी (दोन तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ९.६ होता, मॅडम म्हणाल्या आधी हा खाली आणा मग बोलू. चार महिन्यांनी ८.४ वर आला तेव्हा म्हणाल्या हाड छान आहे, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) बघितलाय, करूया, पण तुमचं भरायला वेळ लागेल हे धरून चाला. ठीक. केलं. त्रास म्हणाल तर दाढ काढताना जास्त झाला होता, यात दोन दिवस गालाला सूज आणि थोडं ठणकणं, बास. दहाव्या दिवशी टाके काढले.

आता मुद्दा. ज्या दिवशी स्क्रू बसवला त्याच दिवशी मॅडमनी त्यावर एक छोटी खुंटी लावली आणि पेनासारखं यंत्र जवळ नेलं, ते पीं करून वाजलं आणि आकडा आला ७१. हे काय विचारलं तर म्हणाल्या स्क्रू किती घट्ट बसलाय ते कळतं, आयएसक्यू म्हणतात, ७१ छान आहे. मी खूश. परवा सहा आठवडे झाले म्हणून गेलो, स्क्रूवर झाकणासारखं बसवलेलं धातूचं बटण काढलं, परत खुंटी, परत पीं, आकडा ६०. मी म्हटलं मॅडम कमी झाला की हा, त्या म्हणाल्या हो होतो, काळजी नको, आता आठ आठवड्यांनी या, कॅपची वेळ अजून आली नाही. बाहेर चार लोक बसलेले त्यामुळे मीही उठलो. घरी येऊन शोधलं तर ७० च्या वर चांगला आणि ६० च्या खाली कच्चा असं लिहिलेलं सापडलं. म्हणजे मी अगदी काठावर. दोन रात्री धड झोप नाही, जीभ सारखी त्या धातूच्या बटणावर जाते, हलतंय का बघायला.

त्यात मेव्हणा. सुरुवातीला आम्ही दोघं दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो, तिथे तीन दिवसांत फिक्स दात म्हणाले होते, डायबेटिस आहे म्हटलं तर हरकत नाही म्हणाले, कागद बघितलासुद्धा नाही. मेव्हण्याचं टुमणं चालू आहे की तिकडे केलं असतं तर आत्ता चावत बसला असतास.

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर २४६ आली होती, एरवी १५० च्या आसपास असते, तेव्हाच काही बिघडलं का? आणि ब्रश करताना बटणाच्या कडेला थोडं रक्त येतं म्हणून मी गेले तीन आठवडे तिकडे ब्रश नेतच नाही, नुसती चूळ भरतो. हे बरोबर ना?

सरळसोट :
स्पष्ट सांगतो राग मानू नका. एचबीए१सी ७ च्या वर असताना इम्प्लांट करायलाच नको होतं, डायबेटिसवाल्यांचं हाड धरतच नाही. ७१ चा ६० म्हणजे सुटत चाललाय. वेळेत काढून घ्या आणि ब्रिज करा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला दात, माझ्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी ब्रिजच केला, आरामात चालू आहे.

आरसा_चिमटा :
सरळसोट, थांबा जरा, कोणाला "काढून घ्या" सांगताना इतकी घाई बरी नाही. मी दातांचीच डॉक्टर आहे, इम्प्लांट रोजचं काम आहे माझं. दादांचं तोंड मी बघितलेलं नाही त्यामुळे त्यांच्या मॅडमचा शब्द माझ्यापेक्षा वरचा, हे आधीच सांगते.

आकडेमोडदादा, तुमचा आकडा पडला कारण तो पडतोच. डायबेटिस नसलेल्यांचाही पडतो. पहिल्या दिवशीचे ७१ होते ना, ते हाड चिकटल्याचे नव्हतेच मुळी, चिकटायला वेळच कुठे मिळाला होता. लाकडात स्क्रू पिळला की तो आट्यांच्या जोरावर घट्ट बसतो, तसली ती पकड. पण लाकूड मेलेलं असतं आणि हाड जिवंत. ड्रिल केल्यावर भोकाच्या कडेचं जे हाड दुखावतं ते शरीर आधी खाऊन साफ करतं आणि मग त्या जागी नवीन घालतं. साफसफाई आधी, बांधकाम नंतर. मधल्या काळात जुनी पकड गेलेली असते आणि नवी अजून आलेली नसते, साधारण तिसऱ्या चौथ्या आठवड्याच्या आसपास तळ लागतो आणि मग आकडा चढायला लागतो.

शुगर जास्त असली की काय होतं, तर ही दरी खोल होते आणि लांबते. नवीन हाड घालणाऱ्या पेशी मंदावतात, तिथे ज्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला हव्यात त्या उशिरा फुटतात, आणि साखर कोलॅजनलाच चिकटून बसते, हाडाचा सगळा सांगाडा त्या कोलॅजनवर तर उभा असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पण आळसावतात ते वेगळंच. म्हणून सहाव्या आठवड्याला तुमच्यासारख्याचा ६० बघून मला धक्का बसला नसता. मीही आठ आठवड्यांनी या म्हटलं असतं, फक्त का ते दोन मिनिटं बसवून सांगितलं असतं, पण बाहेर चार लोक बसलेले असताना ते नेहमी जमतं असं नाही, हे मी माझ्याच जातभाईंच्या बाजूने बोलतेय.

आता "डायबेटिसवाल्यांचं हाड धरतच नाही" याबद्दल. २०१४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात पूर्ण दात गेलेल्या लोकांना खालच्या जबड्यात दोन दोन इम्प्लांट घातली, काहींना डायबेटिस नव्हता, काहींचा ताब्यात होता, आणि काहींचा एचबीए१सी ८.१ पासून वर चांगला दोन आकडी होता. वर्षभराने बघितलं तर तिन्ही गटांत जवळजवळ सगळी इम्प्लांट जागेवर, शेकडा ९८-९९ च्या पुढे. फरक पडला तो वेळेत, ८.१ च्या वरच्या लोकांचं घट्ट व्हायला जास्त दिवस लागले, आणि मुख्य म्हणजे त्यांना भार देण्याआधी, म्हणजे वर दात बसवण्याआधी, चार महिने थांबवलं होतं. उगाच हुरळून जाऊ नका कारण तो वर्षभराचाच हिशोब आहे, तोही खालच्या जबड्याचा. वरच्या जबड्याचं हाड स्पंजसारखं, तिथे मुळातच जास्त थांबावं लागतं. पण हाड धरत नाही असं नाही, उशिरा धरतं.

मग ७ चा आकडा कुठून आला? सगळ्यांना मान्य असा एकच आकडा नाहीये. ७ च्या खाली आम्ही निवांत असतो, ७ ते ८ मध्ये हाड, हिरड्या, सिगरेट, पेशंट किती नीट वागतो हे सगळं बघून ठरवतो, ८ च्या वर शक्यतो थांबवतो किंवा करायचंच झालं तर वेळ वाढवून करतो. ९.६ ला तुमच्या मॅडमनी परत पाठवलं यावरूनच मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

मेव्हण्यांसाठी एक गोष्ट. टायटॅनियम हाडाला चिकटतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क या सर्जनच्या लक्षात आलं ते १९५२ च्या सुमारास, सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते निघेना. माणसाच्या जबड्यात पहिलं इम्प्लांट त्यांनी १९६५ ला घातलं, आणि त्यांचा मूळ नियम असा की खाली ३ महिने आणि वर ६ महिने भार द्यायचा नाही. आता स्क्रूचे पृष्ठभाग सुधारलेत, तो काळ कमी झालाय, काही वेळा लगेच दातही देतात, विशेषतः चार सहा इम्प्लांट एका पट्टीने एकमेकांना बांधली असतील तर. ते खोटं नाही. पण एकटी दाढ, मागच्या बाजूला, जिच्यावर चावण्याचा सगळा जोर, आणि एचबीए१सी ८.४? आणि कागदसुद्धा न बघता? मेव्हण्यांना म्हणावं स्वतःच्या तोंडात करून घ्या.

२४६ चं. त्या दिवशी सूज कमी करायला डेक्सामेथासोन किंवा तसलं काही दिलं होतं का, फाइल बघा. स्टेरॉइडने एक दोन दिवस शुगर उसळते. शिवाय ऑपरेशनचा ताण, दुखणं, खाण्यापिण्याचं वेळापत्रक गडबडलेलं. दोन दिवसांत खाली आली असेल तर विसरून जा, एका सकाळच्या २४६ ने इम्प्लांट जात नाही, तीन महिने २०० राहिली तर त्याची काळजी.

आणि ब्रश. नाही, बरोबर नाही! उद्या सकाळपासून त्या बटणाला ब्रश लावायचा. रक्त येतंय ते ब्रशने नाही, तीन आठवडे ब्रश न गेल्याने येत असण्याची शक्यता जास्त, कडेला पांढरट थर बसतो आणि हिरडी सुजते. मऊ ब्रश घ्या, आरशासमोर उभं राहा, गाल बोटाने ओढा आणि बटणाच्या चारी बाजूंनी हळूहळू फिरवा, जिभेकडची बाजू सगळे विसरतात. पहिले दोन चार दिवस रक्त जास्त आल्यासारखं वाटेल, मग कमी होत जाईल. आठवड्या दीड आठवड्यात थांबलं नाही, पू आला, किंवा बटण हललं तर आठ आठवडे वाट बघत बसू नका. बटण हललं म्हणजे इम्प्लांट हललं असं मात्र लगेच समजू नका, बऱ्याचदा नुसता वरचा स्क्रू ढिला झालेला असतो, पाच मिनिटांचं काम. जिभेने ढोसणं बंद करा तेवढं.

पाचवं_वर्ष :
डॉक्टर मॅडमनी वर लिहिलंय की तो अभ्यास वर्षभराचाच, त्याच्या पुढचं मी सांगतो कारण माझं त्याच्या पुढेच बिघडलं.

मीही टाइप २. इम्प्लांट घातलं तेव्हा अगदी शहाण्या मुलासारखा होतो, एचबीए१सी ६.९, रोज चालणं, सगळं. चार महिन्यांत कॅप बसली, एकदम मस्त, स्वतःचाच दात. डॉक्टरांनी बजावलं होतं की दर सहा महिन्यांनी सफाईला या. पहिलं वर्ष गेलो. मग नोकरी बदलली, फिरतीचं काम, गोळ्या कधी घेतल्या कधी राहिल्या, शुगर कधी तपासली नाही कारण कळलं असतं म्हणून. तीन वर्षं डॉक्टरांचं तोंड बघितलं नाही. दुखत काहीच नव्हतं हो! हाच तर घोळ आहे. कधीतरी ब्रशला लाल दिसायचं, एकदा आरशात बघितलं तर कॅपच्या खाली हिरडी जरा वर सरकल्यासारखी आणि करडी रेघ दिसत होती. म्हटलं वयानुसार होत असेल. पाचव्या वर्षी दुसऱ्याच दाताच्या दुखण्यासाठी एक्स-रे काढला आणि डॉक्टर गप्प झाले. मला स्क्रीन फिरवून दाखवली, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना हाड बशीसारखं खोल गेलेलं, निम्म्या आट्या उघड्या. त्या दिवशीचा एचबीए१सी १०.२.

पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. हिरडी उघडून साफ केलं, तरी वर्षभरात काढावंच लागलं. हाड धरायचं काम त्याने चोख केलं होतं, मीच पुढे सांभाळलं नाही. कोणाला दोष देणार.

आरसा_चिमटा :
पाचवं_वर्ष, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, बरं झालं. दुखलं का नाही त्याचं कारण सांगते. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक अस्तर असतं, त्यात नसा असतात, भाजणीतला बारीक खडा चावला गेला तरी कळतो तो त्यामुळे. इम्प्लांटला ते अस्तर नसतं, धातू थेट हाडाला. आणि खऱ्या दाताभोवती हिरडीचे धागे मुळात आडवे रुतलेले असतात, ते कुंपणासारखं काम करतात. इम्प्लांटभोवती ते नुसते लगटून उभे असतात, त्यामुळे जंतू एकदा खाली उतरले की हाडापर्यंत जायला फार अडवणूक नाही. नुसती हिरडी सुजलेली असते तोवर सफाईने मागे फिरवता येतं, हाड गेलं की ते गेलं. शुगर वर राहिली की हा धोका वाढतो, आणि ज्यांना आधीपासून हिरड्यांचा आजार आहे त्यांना तर डबल. उलट बाजूही खरी आहे, हिरड्यांचा आजार नीट उपचार करून घेतला तर तीन चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.४ ने खाली येतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गोळी न वाढवता ०.४ म्हणजे काही कमी नाही.

बोटटोची :
मी इन्सुलिनवर आहे, माझं इम्प्लांट दोन वर्षांपूर्वी झालं आणि छान आहे, म्हणजे ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी ही एक नोंद असू दे. पण मला दुसरंच सांगायचंय, त्या दिवसाचं, कारण हे कोणी बोलत नाही.

ऑपरेशन म्हटल्यावर मी आपलं गृहीत धरलं की उपाशी जायचं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. सकाळचं इन्सुलिन मात्र सवयीने टोचलं. खुर्चीत बसले, सुई दिली, अर्धा जबडा बधिर, आणि इथे मला घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागले. मला वाटलं भीतीने होतंय. सिस्टरला वाटलं भीतीने होतंय. डॉक्टरांनी मात्र तोंड बघून लगेच ग्लुकोमीटर आणायला लावलं, ५४! ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं तर ओठ बधिर असल्यामुळे निम्मं ते अंगावर सांडलं, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८१ झाली, मग सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी काम पुढे ढकललं.

नुसत्या बधिर करायच्या इंजेक्शनवर होणार असेल तर आमच्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी सांगितलं ते असं, की सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखं खाऊन आणि नेहमीची औषधं घेऊन या, आणि नंतरचे दोन तीन तास बधिरपणामुळे नीट खाता येणार नाही हे धरून दुपारच्या डोसबद्दल शुगरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आकडेमोडदादा तुम्ही ग्लिमेपिराइडवर आहात ना, त्यानेही शुगर पडते, एकट्या मेटफॉर्मिनने सहसा नाही पडत. कॅपच्या वेळी एवढं काही नसतं म्हणा, पण पुढे कधी दुसरा दात करायची वेळ आली तर लक्षात असू द्या.

आरसा_चिमटा :
बोटटोची, हे अगदी खरं. त्यात एक भर, ज्यांना शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर उपाशी राहण्याचा प्रयोग मुळीच करू नये, त्यात शुगर फार वर न जाताही रक्तात कीटोन वाढून प्रकृती बिघडू शकते. भूल देऊन करायचं असेल तर ही औषधं काही दिवस आधी थांबवतात, ते तुमचे फिजिशियन ठरवतील, स्वतःच्या मनाने नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तेच, दाताचं ऑपरेशन आहे म्हणून आपणच ॲस्पिरिन बंद करून येणारे मला महिन्यातून एक तरी भेटतात.

नमुना_नळी :
लॅबमध्ये काम करतो म्हणून एक खुसपट काढतो. इथे सगळे एचबीए१सी च्या मागे आहेत, ठीक आहे, पण तो आकडा लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेचा असतो आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो मागच्या दोन तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ८.४ म्हणजे सरासरी शुगर १९५ च्या आसपास, ७ म्हणजे १५४. पण सरासरी सरासरीत फरक असतो, एकाची दिवसभर १५४ आणि दुसऱ्याची सकाळी ७० रात्री २६०, कागदावर दोघं सारखेच दिसतील. आणि लाल पेशींचाच काही घोळ असेल तर हा आकडा फसवतो. लोह कमी असल्यामुळे रक्त कमी असेल तर तो खोटा वर दिसू शकतो, आणि लाल पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटा खाली. थॅलेसेमियावाल्यांचंही नीट येत नाही. मीटरवरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघायला सांगा, आणि फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट असते ती मागच्या दोन तीन आठवड्यांचं सांगते. ऑपरेशननंतरचे सहा आठवडे कसे चाललेत हे बघायला ती एचबीए१सी पेक्षा बरी, कारण त्यात ऑपरेशनच्या आधीचे दिवस मिसळत नाहीत.

सरळसोट :
बरं, "धरतच नाही" हे जरा जास्त झालं, मागे घेतो. माझा एचबीए१सी तेव्हा ११ होता आणि सिगरेट पण होती, डॉक्टर मला नको म्हणाले ते बहुतेक त्यामुळे. मीच ते सगळ्यांना लावत बसलो. ब्रिज मात्र खरंच आरामात आहे, तेवढं खरं.

आरसा_चिमटा :
ब्रिज वाईट नाहीच हो. फक्त शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. दादांचे शेजारचे दात चांगले असतील तर मीही इम्प्लांटकडेच वळले असते. सिगरेट सुटली का?

सरळसोट :
मॅडम विषय बदलू नका.

आकडेमोड :
अरे बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. फाइल काढून बघितली, डेक्सामेथासोन लिहिलंय, दोन दिवस. म्हणजे ते २४६ त्याचेच. शुगरच्या डॉक्टरांना कोणी कळवलं नव्हतं, मीही नाही.

ब्रश आजपासून चालू केला. पहिल्या दिवशी बेसिन लाल झालं, बायको म्हणाली बंद कर, मी म्हटलं मॅडम म्हणाल्यात चार दिवस थांब. गाल ओढून आतल्या बाजूला बघितलं तर बटणाच्या मागे खरंच पिवळट पांढरा थर होता, तीन आठवड्यांचा. लाज वाटली. एक विचारायचं राहिलं, एचबीए१सी आता झपाट्याने ६.५ वर आणला तर हाड लवकर भरेल का? खाणं निम्मं करायची तयारी आहे.

आरसा_चिमटा :
नको. उतरवा, पण घसरगुंडीसारखी नको. ११ वर्षांचा डायबेटिस आहे, खूप वेगाने शुगर खाली आणली तर आधीपासून बिघडलेल्या डोळ्यांच्या पडद्याचं सुरुवातीला आणखी बिघडू शकतं, आणि ग्लिमेपिराइडवर खाणं निम्मं केलंत तर बोटटोचींसारखी अवस्था व्हायची. हाड भरायला प्रथिनं लागतात, उपाशी शरीर हाड कुठून घालणार. तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना सरळ सांगा की जबड्यात हाड भरतंय, पुढचे तीन महिने महत्त्वाचे आहेत, औषधात काही बदल करायचा तर बघा. डोळे शेवटचे कधी तपासलेत तेही ते विचारतील. आणि त्या बाजूने कडक काही चावू नका, बटण हिरडीच्या वर आहे म्हणजे त्याच्यावरही जोर येतो.

आकडेमोड :
नऊ आठवड्यांनी परत येतोय, मधे कोणाकोणाचे मेसेज आले होते म्हणून शेवट काय झाला ते सांगतो.

रक्त सहाव्या दिवशी थांबलं. शुगरच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली, डोळे तपासायला लावले, ठीक निघाले. एचबीए१सी काल आला ७.५. आज मॅडमकडे गेलो, पंधरावा आठवडा. या वेळी मी आधीच म्हटलं की मला समजावून सांगा, मी मागच्या वेळी दोन रात्री झोपलो नाही. त्या हसल्या आणि पहिलं माझ्याकडे बघून म्हणाल्या, सांगायला हवं होतं मी. खुंटी लावली, पीं, गालाच्या बाजूने ७०, परत पीं, पुढच्या बाजूने ७३. दोन्हीकडून मोजतात म्हणे, मागच्या वेळी पण मोजलं होतं पण मी घाबरून फक्त कमी असलेला लक्षात ठेवला, दुसरा ६४ होता!

सरळसोट :
हात्तिच्या.

आरसा_चिमटा :
वा! बटण काढल्यावर खालची हिरडी कशी दिसत होती, रक्त आलं?

आकडेमोड :
नाही आलं. मॅडमनी छोटा आरसा हातात दिला आणि दाखवलं, मधे स्क्रूचं गोल तोंड चमकत होतं आणि भोवती हिरडीची गुलाबी गच्च कड, नाण्याच्या कडेसारखी. माप घेतलंय, दहा दिवसांनी कॅप बसणार. सफाईची पहिली तारीख त्यांनी आजच टाकून दिली, तीन महिन्यांनंतरची, मेव्हण्यालाही त्याच दिवशी घेऊन जाणार आहे, त्याच्या हिरड्यांतून गेलं वर्षभर रक्त येतंय आणि शुगर त्याने कधी तपासलेलीच नाही.